बधिर चट्टा आणि जाणता हात

रोगांचा इतिहास सांगावयाचा म्हणजे तो बहुधा औषधांचा इतिहास म्हणूनच सांगितला जातो. देवी म्हटले की लस, हिवताप म्हटले की क्विनीन, क्षय म्हटले की स्ट्रेप्टोमायसिन, असे समीकरण आपल्या मनात बसून गेले आहे. परंतु औषध देण्यापूर्वी रोग ओळखावा लागतो. ही ओळखण्याची विद्या डॉक्टरांच्या पुस्तकात जितकी असते तितकीच ती परिचारिकेच्या आणि गावोगाव हिंडणाऱ्या आरोग्यसेवकाच्या बोटांत असते. कातडी पाहणे, नस चाचपणे, स्नायूंचे बळ अजमावणे, प्रतिक्षिप्त क्रिया तपासणे या चार साध्या गोष्टींनी एका रोगाचा, आणि त्या रोगाने ग्रासलेल्या हजारो माणसांचा, इतिहास कसा पालटला ते आज आम्हांला सांगावयाचे आहे. तो रोग म्हणजे महारोग. आज त्याला आपण कुष्ठरोग म्हणतो. खेड्यापाड्यांत रक्तपिती हाही शब्द होता.

हा विषय बडनेऱ्यात बोलण्यास कारण आहे. मुंबईकडून येणारा लोहमार्ग १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचला आणि बडनेरा हे वऱ्हाडचे एक प्रवेशद्वार झाले. अमरावतीचा फाटा येथूनच फुटतो. येथून पूर्वेस गेले की वर्धा, वर्ध्याहून दक्षिणेस वळले की वरोरा. अमरावतीचे तपोवन तर लागूनच, आणि उत्तरेस मेळघाटच्या पायथ्याशी परतवाड्याजवळ कोठारा. भारतातील महारोगसेवेच्या इतिहासात ज्या स्थळांची नावे मानाने घेतली जातात त्यांपैकी इतकी स्थळे एका दिवसाच्या प्रवासात सामावतात, असे प्रदेश फार नाहीत. आणि या स्थळांकडे निघालेला रोगी रेल्वेनेच येणार. पण १८९० च्या रेल्वे कायद्याने स्पर्शजन्य रोग जडलेल्या माणसास परवानगीवाचून गाडीत बसण्याची मनाई केली होती. मनाई मोडणाऱ्यास उतरवून देता येत असे. म्हणजे उपचाराचा रस्ता ज्या गाडीने जात होता त्याच गाडीचे दार रोग्याला बंद होते. पुढे काळ पालटला आणि ज्यांच्यापासून संसर्गाचा धोका नाही अशा कुष्ठरुग्णांना तपासणीसाठी जाण्यायेण्यास रेल्वेने भाड्यात सवलतही दिली. मनाईपासून सवलतीपर्यंतचे हे अंतर कसे कापले गेले, हाच आपल्या आजच्या कथेचा गाभा आहे.

आमच्या मते ते अंतर परीक्षेने कापले. जोवर महारोगी दुरून ‘दिसत’ होता तोवर त्याला हाकलले गेले. ज्या दिवशी त्याला जवळून तपासण्याची रीत पडली त्या दिवसापासून तो रोगी ठरला, माणूस ठरला. हे जरा विस्ताराने पाहू.

जुन्या काळी कुष्ठ हा शब्द फार व्यापक होता. त्वचेचे अनेक विकार त्यात गणले जात. तथापि आपले प्राचीन वैद्य डोळे मिटून बसले नव्हते. पाहणे, स्पर्श करणे आणि विचारणे ही परीक्षेची तीन अंगे आयुर्वेदाने सांगितली आहेत, आणि त्वचेची बधिरता हे कुष्ठाचे लक्षण सुश्रुतसंहितेत आलेले आहे. तुवरकाच्या, म्हणजे कडूकवठाच्या तेलाचा उपयोगही तेथे सांगितलेला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभर महारोगावर त्याच जातीचे तेल टोचले जात होते. पण वैद्यांचे हे ज्ञान समाजाच्या वागण्यात उतरले नाही. समाजाने तीन अंगांपैकी एकच उचलले, पाहण्याचे, आणि तेही दुरून. परिणामी पांढरे कोड आलेल्या निरोगी माणसाला महारोगी ठरविण्यात आले, आणि पाठीवर एकच फिकट चट्टा घेऊन हिंडणाऱ्या खऱ्या रोग्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

इंग्रजी राज्याने कायदा केला तोही याच दृष्टीचा. १८९८ च्या महारोग्यांविषयीच्या कायद्यात अशी तरतूद होती की, जो माणूस पोलिसाला निर्धन महारोगी आहे असे दिसेल त्याला त्याने वॉरंटावाचून पकडावे. पुढे त्याची वैद्यकीय तपासणी होई हे खरे. परंतु पहिला निर्णय पोलिसाच्या डोळ्यांचा. पोलिसाच्या डोळ्यांना काय दिसणार? झडलेली बोटे, बसलेले नाक, चिंध्या बांधलेले पाय. म्हणजे रोग संपून विकृती तेवढी उरलेली. ज्याच्या अंगावर आज विकृती आहे त्याच्या शरीरात रोगजंतू कदाचित शिल्लकही नसतील, आणि ज्याच्या अंगी जंतू भरपूर आहेत त्याचा चेहरा अजून तुकतुकीत असू शकेल, ही गोष्ट त्या कायद्याच्या ध्यानात येणे शक्य नव्हते.

वास्तविक तोवर विज्ञान पुढे गेले होते. नॉर्वेतील बर्गेन शहरी हॅन्सन या डॉक्टराने १८७३ साली महारोगाचा जंतू पाहिला. मनुष्याच्या रोगाचे कारण म्हणून ओळखल्या गेलेल्या अगदी पहिल्या जंतूंपैकी हा एक. हा रोग पूर्वजन्मीच्या पापाचा नव्हे, आनुवंशिकही नव्हे, तो एका सूक्ष्म जंतूचा खेळ आहे, हे यावरून ठरले. मात्र एक नवल ध्यानात घेण्यासारखे आहे. सूक्ष्मदर्शक आला तरी परिचारिकेच्या बोटांचे काम संपले नाही. हा जंतू प्रयोगशाळेत कृत्रिम अन्नावर आजतागायत वाढविता आलेला नाही, आणि ज्यांच्या अंगावर थोडेच चट्टे असतात अशा पुष्कळ रोग्यांच्या त्वचेच्या नमुन्यात तो सापडतच नाही. म्हणून बधिर चट्टा आणि जाड झालेली नस ही आजही रोगाची प्रमुख चिन्हे मानली जातात. कापसाचा एक धागा आणि दोन शिकलेली बोटे, एवढ्या सामग्रीवर ही परीक्षा उभी आहे. कापसाच्या वऱ्हाडात ती महाग पडण्याचे कारण नाही.

ही परीक्षा कशी होते? रोग्याला भरपूर उजेडात उभे करावयाचे, पण आडोसा ठेवून, कारण सारे अंग पाहावयाचे असते. चट्टा चेहऱ्यावरच येतो असे नाही. पाठ, कंबर, मांडी येथे तो वर्षानुवर्षे दडून राहतो. चट्टा फिकट किंवा तांबूस असतो. तो खाजत नाही, दुखत नाही, आणि म्हणूनच रोगी त्याची पर्वा करीत नाही. गजकर्ण खाजते म्हणून माणूस दवाखान्यात जातो. हा चट्टा मुकाट्याने राहतो. त्यावर घाम कमी येतो, केस विरळ होतात. मग कापसाचा धागा टोकदार वळून प्रथम रोग्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या निरोगी कातडीला लावतात आणि सांगतात, जेथे लागेल तेथे बोट ठेवा. नंतर त्याला डोळे मिटावयास सांगून धागा कधी चांगल्या जागी तर कधी चट्ट्यावर टेकवितात. धागा फिरवावयाचा नाही, नुसता टेकवावयाचा. चांगल्या जागी बोट अचूक जाते. चट्ट्यावर धागा टेकला तरी रोगी स्वस्थ उभा असतो. ही स्वस्थताच निदान होय.

त्यानंतर नसांची पाळी. कोपराच्या आतल्या बाजूला ठेच लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हा अनुभव कोणाला नाही? ती नस तेथे कातडीच्या अगदी खाली असते. तशीच एक गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस खाली, एक घोट्याच्या आत मागे, एक मानेवर कानाखाली. महारोगाच्या जंतूला शरीराचे थंड भाग मानवतात, आणि या उथळ नसा त्याला सापडतात. तपासणारा दोन्ही बाजूंच्या नसा हलकेच चाचपून ताडून पाहतो: एक दोरीसारखी जाड लागते काय? दाबली असता दुखते काय? या वेळी बोटे नसेवर आणि डोळे रोग्याच्या चेहऱ्यावर, असा शिरस्ता आहे. कारण रोगी तोंडाने सांगण्यापूर्वी त्याचा चेहरा सांगतो.

पुढे स्नायू. करंगळी बाजूला कर आणि माझे बोट लोटू देऊ नकोस. अंगठा वर ताठ धर. टाचांवर चालून दाखव. डोळे घट्ट मीट. प्रत्येक आज्ञा एका नसेला विचारलेला प्रश्न असते. करंगळी लुळी पडली तर कोपराची नस दुखावली आहे. पाऊल वर उचलत नसेल तर गुडघ्याजवळची. पापणी मिटत नसेल तर चेहऱ्याची. आणि डोळ्याच्या बुबुळाची संवेदना गेली तर पापणीची आपोआप होणारी उघडझाप मंदावते, कचरा आत राहतो, डोळा जातो. या प्रतिक्षिप्त क्रियेवर म्हणूनच विशेष लक्ष ठेवावे लागते. उलट गुडघ्याखाली लहान हातोडीने ठोकले असता पाय उडतो ती क्रिया, जिचे वर्णन जर्मनीत एर्ब आणि वेस्टफाल यांनी १८७५ साली केले, ती या रोगात बहुधा शाबूत राहते. तिच्या नसा खोल आणि उबदार जागी असतात. पायाला निखारा लागला तरी कळत नाही, पण गुडघ्यावर ठोकले की पाय उडतो! या विसंगतीवरूनच जाणत्याला कळते की बिघाड मेंदूत किंवा पाठीच्या कण्यात नसून कातडीलगतच्या नसांत आहे.

आता या परीक्षेचे मोल काय ते पाहा. महारोगाने बोटे झडतात असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरांत १९१४ साली जन्मलेले आणि पुढे वेल्लोर येथे काम केलेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी रोग्यांच्या हातांचा बारकाईने अभ्यास करून दाखविले की, बोटांचे मांस जंतू खात नाही. संवेदना गेलेला हात तापलेले भांडे धरून ठेवतो, बधिर पाऊल रुतलेल्या काट्यावरून चालत राहते. जखम चिघळते, हाड सडते, बोट आखूड होते. वेदना हा देहाचा पहारेकरी आहे, तो निघून गेला म्हणजे घर लुटले जाते. आमच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावयास नको. वेचणी संपल्यावर शेतात पऱ्हाटीची टोकदार खुंटे उभी असतात; त्यांतून अनवाणी चालणाऱ्याचे पाऊल बधिर असेल तर त्याचे काय होईल? चुलीवरचा तवा हाताने उतरविणाऱ्या बाईचे काय होईल? ब्रँड यांनी निकामी स्नायूच्या जागी दुसऱ्या सशक्त स्नायूचा कंडरा जोडून पंजासारखी वळलेली बोटे सरळ करण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. पण तीसुद्धा परीक्षेवर अवलंबून असते. कोणता स्नायू अजून बळकट आहे, कोणता सांधा आखडलेला नाही, कातडी लवचीक आहे की नाही, हे आधी कळले पाहिजे. म्हणून हात पाण्यात भिजविणे, तेल लावणे, दुसऱ्या हाताने बोटे सरळ करणे हा नित्यक्रम रोग्याला शिकविला जातो.

हे ज्ञान आपल्या भागात कसे रुजले? वर्ध्याजवळ दत्तपूर येथे विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली महारोग्यांची सेवा आरंभिली. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या परिचयाचे झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री महारोगाने ग्रस्त होऊन १९३९ च्या सुमारास सेवाग्रामला आले; गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळून दिले. देशाचे राजकारण ज्या हातांत होते ते हात रोज एका महारोग्याच्या अंगाला लागत, ही गोष्ट कोणत्याही प्रचारपत्रकापेक्षा मोठी होती. अमरावतीत स्वातंत्र्यसैनिक आणि होमिओपॅथीचे डॉक्टर शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन येथे जगदंबा कुष्ठनिवास उभारले, आणि ओसाड जागेवर शेती व उद्योग उभे करून रोग्यांना भिकेऐवजी काम दिले. १९५९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वरोऱ्याच्या बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि नंतर आनंदवन वसविले. गटारात पडलेल्या एका महारोग्याला पाहून आपण भयाने पळालो, ही गोष्ट बाबांनीच जाहीरपणे सांगितली आहे. या भीतीवर मात करून त्यांनी कलकत्त्याला जाऊन रोगाचे शास्त्रीय शिक्षण घेतले, हे विसरता कामा नये. करुणेला विद्येची जोड लागते, ती अशी.

परंतु वसाहती कितीही आदर्श असल्या तरी तेथे जो येतो तो बहुधा उशिरा येतो. १९५१ साली स्थापन झालेल्या आणि वर्ध्यास मुख्य कचेरी असलेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने ही अडचण ओळखली. डॉ. वारदेकर यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे पाहणी, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री आखण्यात आली. रोग्याने येण्याची वाट न पाहता शिकविलेल्या सेवकाने घरोघर जावयाचे, प्रत्येक माणसाचे अंग उजेडात पाहावयाचे, चट्टा सापडला तर कार्डावर छापलेल्या देहाकृतीवर त्याची जागा रेखाटावयाची, आणि गोळ्या सुरू करावयाच्या. त्याच सुमारास डॅप्सोन हे स्वस्त औषध हाती आले होते, म्हणून पाहणीला अर्थ होता. १९५५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच पद्धत देशभर उचलली.

येथे एक अडचण आली आणि तिने परिचारिकेचे महत्त्व सिद्ध केले. पुरुष सेवकापुढे बायका पाठ उघडी करीत ना. चट्टा पदराखाली राही, आणि जेव्हा हात वाकडा होई तेव्हा घरात कळे. मग नवरा टाकून देई. कायदाही त्याच्या बाजूला होता. तपासणाऱ्या बाईचा हात वेळेवर पोहोचला तर केवळ एक बोट वाचते असे नव्हे, एक संसार वाचतो.

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधांच्या एकत्रित उपचाराची शिफारस केली, आणि तो ज्या जिल्ह्यांत प्रथम राबविला गेला त्यांत वर्धा होता. सहा महिने किंवा वर्षभर औषध घेतले की रोग बरा होतो. संसर्गाचा धोका तर उपचार सुरू झाल्यावर लवकरच ओसरतो. २००५ च्या डिसेंबरात देशातील रोग्यांचे प्रमाण दहा हजारांस एकाहून खाली आले. १८९८ चा तो कायदा संसदेने २०१६ साली रद्द केला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून निघण्यास २०१९ साल उजाडावे लागले. जंतूला मारावयास वर्ष पुरते. कायद्याच्या पुस्तकातून भीती काढावयास शतकाहून अधिक लागले.

मग काम संपले काय? तसे म्हणणे धोक्याचे आहे. प्रमाण खाली आल्यावरही भारतात दरवर्षी नवे रोगी लाखाच्या घरात सापडत आले, आणि जगातील नव्या रोग्यांपैकी अर्ध्याहून अधिक आपल्याच देशातले असत. पूर्वी केवळ या रोगासाठी शिकविलेले सेवक होते. पुढे हे काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळले गेले. ते योग्यच होते, कारण वेगळा दवाखाना म्हणजे वेगळा कलंक. परंतु त्याबरोबर बोटांची ती खास विद्या विरळ होण्याचा धोकाही आला. नस एकदा हळूहळू निकामी होऊ लागली की रोग्याला कळत नाही. दर महिन्याला त्याचा कापसाचा धागा आणि करंगळीचे बळ तपासले तरच कळते. बिघाड सहा महिन्यांच्या आतला असेल तर औषधाने नस पुष्कळदा परत येते, त्यानंतर क्वचित. म्हणजे गोळ्यांची पाकिटे देऊन भागत नाही. मधून मधून हात हातात घ्यावाच लागतो. ३० जानेवारीपासून चालविल्या जाणाऱ्या जनजागृतीच्या मोहिमेला सरकारने ‘स्पर्श’ हे नाव दिले आहे. ते समर्पक आहे. या रोगाने माणसाचा स्पर्श हिरावून घेतला, समाजाने आपला स्पर्श काढून घेतला, आणि दोन्ही परत आणण्याचा आरंभ तपासणाऱ्याच्या स्पर्शानेच झाला.

आपण नगरवासी यात काय करू शकतो? फार मोठे काही नव्हे. आपल्या घरातील माणसांच्या पाठीवर न खाजणारा, न दुखणारा फिकट चट्टा दिसला तर त्याला गजकर्ण म्हणून मलम लावीत न बसता सरकारी दवाखाना गाठावा. औषध तेथे फुकट मिळते. बहुतेक माणसांच्या शरीरात या जंतूला तोंड देण्याची शक्ती मुळातच असते, म्हणून भ्यावयाचे कारण नाही. घरोघर येणाऱ्या आशाताईंनी अंग दाखवा म्हटले तर दार लावून घेऊ नये. त्या आपल्या दाराशी चौकशी करण्यास आलेल्या नसतात, एका शतकाची कमावलेली विद्या घेऊन आलेल्या असतात. आणि स्थानकावर, देवळाच्या पायरीवर वाकड्या बोटांचा कोणी हात पुढे करील तेव्हा एवढे आठवावे की तो हात बहुधा केव्हाच रोगमुक्त झालेला असतो. जे उरले आहे ते कोणीतरी वेळेवर न तपासल्याचे चिन्ह आहे.